नवी मराठी कादंबरी शोधायची कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘काहीतरी चांगलं सुचवा ना’ असा कुणाचा तरी निरोप आल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. पुस्तक सुचवलं की त्याच्या मागून येणारे प्रश्नही बहुतेक ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांचेच शब्द ठेवलेत, फक्त थोडे आटोपशीर केले. माझं वाचन मुख्यतः मराठी कादंबरीचं, त्यामुळे कवितेबद्दल विचारणाऱ्यांनी दुसरं दार ठोठवावं.

१. ताई, सध्या काय वाचताय? अलीकडे काय आवडलं?

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ नुकतीच दुसऱ्यांदा वाचून संपवली. धरणासाठी गाव उठलंय, माणसं नव्या वसाहतीत गेलीत आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत निघतो. सांगायला गेलं तर गोष्ट एवढीच. विस्थापनावर मराठीत आधी लिहिलं गेलेलं नाही असं नाही. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची फरफट कचेऱ्या, कागद, पुढारी या सगळ्यांसकट आलेली आहे. खोत त्या वाटेनं जातच नाहीत. त्यांच्या कादंबरीत माणूस, जनावर आणि रान आमनेसामने येतात, आणि दावं सुटलेल्या म्हशीपुढे माणूस किती केविलवाणा असतो ते हळूहळू दिसायला लागतं. पहिल्या वाचनात मी गोष्टीच्या मागे धावत होते. दुसऱ्या वेळी वाक्यांकडे लक्ष गेलं. तुटक, दम खात बोलणाऱ्या माणसासारखी वाक्यं आहेत ती, आणि चढ चढणाऱ्याचं मन तसंच चालतं.

दुसरं पुस्तक देविदास सौदागर यांचं ‘उसवण’. गावातला शिंपी, तयार कपड्यांनी त्याचं उठवलेलं बस्तान, आणि मशीन चालू ठेवायची धडपड. लेखकानं स्वतः शिवणकाम केलेलं आहे, ते पानापानावर कळतं. गरिबीवर लिहिताना पुष्कळ लेखक आवाज चढवतात. इथे तसं होत नाही. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की नाही यावर घरातल्या रात्रीच्या जेवणाचा हिशेब ठरतो, आणि तो हिशेब लेखक हातवारे न करता सांगतो. लहान कादंबरी आहे, दोन बैठकींत होते.

रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’बद्दल प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे.

२. खरं सांगा, मराठीत हल्ली चांगल्या कादंबऱ्या येतात तरी का?

येतात. आपण जिथे बघतो तिथे येत नाहीत, एवढंच.

हा प्रश्न मला पुण्या-मुंबईतून सर्वाधिक येतो, आणि विचारणारा बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याच्या मनात कादंबरी म्हणजे मौज किंवा पॉप्युलर प्रकाशनाची, गिरगावात किंवा सदाशिव पेठेत घडणारी. ती कादंबरी थकली असेल, पण तिच्याबरोबर मराठी कादंबरी थकलेली नाही. गेल्या काही वर्षांत ज्यांच्याबद्दल गांभीर्याने बोललं गेलं ती नावं बघा. खोत पन्हाळ्याच्या बाजूचे, प्रवीण बांदेकर सावंतवाडीचे, आसाराम लोमटे परभणीचे, सौदागर तुळजापूरचे. त्याआधीचे सदानंद देशमुख बुलढाण्याकडचे. त्यांची ‘बारोमास’ शिकून बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या पोराबद्दल आहे, आणि वीस वर्षांनंतर आज ती जास्तच लागू पडते.

म्हणजे लिहिणारा तालुक्याला राहतो आणि पुस्तकं मांडणारं टेबल शहरात असतं. शहरातल्या टेबलावर आत्मचरित्रं, यशाचे मंत्र आणि ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’च्या नव्या आवृत्त्या असतात. तिथे शोधून ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

शहरी कादंबरीही मेलेली नाही, हेही सांगते. अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ अंगानं लहान आणि फार तिरकस आहे. प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ आजच्या तरुणांची आहे. हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ मी रात्री वाचायला घेतली आणि पुढचं सगळं दिवसा वाचलं.

३. नवी कादंबरी आली हे तुम्हाला कळतं कुठून?

एका ठिकाणाहून कळत नाही, हीच तर अडचण. पूर्वी रविवारच्या पुरवणीत परीक्षण यायचं, ते वाचून लोक दुकानात जायचे. आता परीक्षणांची जागा आक्रसली आणि जे छापून येतं त्यात पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूरच फिरवून लिहिलेला असतो. मी जे करते ते असं.

‘ललित’ मासिक चाळते. १९६४ पासून चालू असलेलं, फक्त पुस्तकांबद्दलचं मासिक. त्यातल्या लेखांइतक्याच जाहिराती वाचण्यासारख्या असतात, कारण लहान प्रकाशकांची नवी पुस्तकं आधी तिथे दिसतात.

दिवाळी अंक. ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेव्हापासून आजतागायत मराठी लेखकाची पहिली ओळख पुष्कळदा दिवाळी अंकातूनच होते. माझी पद्धत सोपी आहे. अंकातली दीर्घकथा आवडली की लेखकाचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. दोन-तीन वर्षांत त्याच नावाची कादंबरी येण्याचा संभव बराच असतो. अंक विकत घ्यायची गरज नाही, जवळपास प्रत्येक वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. डिसेंबर-जानेवारीत गर्दी ओसरली की चांगले अंक कपाटात सापडतात.

प्रकाशक ओळखायला शिका. लेखक नवीन असला तरी प्रकाशक जुना असतो, आणि त्याची निवड तुम्हाला माहीत असते. ज्या प्रकाशकाची दोन पुस्तकं आवडली त्याची पूर्ण यादी मागवून घ्या. ‘सातपाटील’ श्रीरामपूरच्या शब्दालयानं काढली, तेव्हा यादी फक्त पुण्या-मुंबईच्या नावांची ठेवू नका.

आणखी एक वाट फारसं कुणी वापरत नाही, ती म्हणजे लेखकाचं ऋणनिर्देशाचं पान. हस्तलिखित कुणी वाचलं, कुणी दुरुस्त्या सुचवल्या, ते तिथे लिहिलेलं असतं. त्यात बऱ्याचदा दुसरे लेखक असतात, आणि एक कादंबरी आवडली की तिच्या पहिल्या वाचकांची पुस्तकंही आवडायची शक्यता दांडगी.

समाजमाध्यमांवरच्या पोस्टींवर माझा फार भरवसा नाही. ‘अप्रतिम, एका बैठकीत संपवली’ हे वाक्य ज्या पोस्टीत असेल ती लेखकाच्या मित्रानं लिहिलेली समजावी.

४. पुरस्कार मिळालेली कादंबरी डोळे झाकून घ्यावी का?

डोळे उघडे ठेवून घ्या. साहित्य अकादमीचा पुरस्कार कसा चालतो हे माहीत असलं की अपेक्षा जागेवर राहतात.

एक तर तो उशिरा मिळतो. २०२३ च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात होती. म्हणजे ‘रिंगाण’ला पुरस्कार मिळाला तेव्हा ती नवी कादंबरी नव्हतीच. नवीन काय आलंय हे शोधायला ही यादी कामाची नाही, निसटलेलं काय हे शोधायला उत्तम.

दुसरं, एका भाषेत दरवर्षी एकच पुस्तक निवडतात आणि ते कोणत्याही प्रकारातलं असू शकतं. २०२२ ला बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ आणि २०२३ ला ‘रिंगाण’ अशा लागोपाठ दोन कादंबऱ्या आल्या. २०२४ ला मात्र सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षेच्या पुस्तकाला मिळाला. ‘यंदाची पुरस्कारप्राप्त कादंबरी द्या’ म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी एवढं बघा.

नव्या लेखकांसाठी अकादमीचा युवा पुरस्कार जास्त उपयोगी पडतो. तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळतो. २०१४ ला डोंगरे, २०२१ ला सखदेव, २०२४ ला ‘उसवण’, २०२५ ला प्रदीप कोकरे यांची ‘खोल खोल दुष्काळ डोळे’. एवढी चार पुस्तकं वाचली तरी प्रश्न २ पुन्हा विचारावासा वाटणार नाही.

आणि हो, पुरस्कार नाकारणारेही असतात. २०२० चा पुरस्कार ‘उद्या’ या कादंबरीसाठी नंदा खरे यांना जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. पुरस्कार घ्यायचे नाहीत असं त्यांनी काही वर्षं आधीच ठरवलं होतं. ‘उद्या’ मात्र तुम्ही नाकारू नका. कंपन्यांनी माणसाच्या जगण्याची प्रत्येक हालचाल टिपायला घेतलीय अशा जवळच्या भविष्यातली ती कादंबरी आहे आणि तिच्यातलं भविष्य फारच भराभर जवळ येतंय.

५. दुकानात उभी राहून निवडायची कशी? मलपृष्ठ वाचून सगळीच थोर वाटतात.

मलपृष्ठ वाचूच नका. तो मजकूर विकण्यासाठी लिहिलेला असतो.

शीर्षकाच्या पानामागचं बारीक टायपातलं पान आधी उघडा. पहिली आवृत्ती कधीची, पुढची आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण, हे बघा. नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीचं वर्षा-दोन वर्षांत पुनर्मुद्रण झालं असेल तर तोंडोतोंडी बरं बोललं गेलंय असं धरायला हरकत नाही. मात्र ‘तिसरी आवृत्ती’ या शब्दांना फार भुलू नका. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती निघायची, आता लहान प्रकाशक पाचशेची, कधी त्याहून कमीचीही काढतात. त्याच पानावर मुद्रितशोधकाचं नाव आहे का तेही मी पाहते. नाव छापणारा प्रकाशक सहसा मजकुराची काळजी घेतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं पान दिसलं की पुस्तक खाली ठेवायचं.

मग पहिलं पान सोडून मधलं कुठलंही पान उघडा आणि संवाद वाचा. पहिलं पान लेखकानं घासूनपुसून दहा वेळा लिहिलेलं असतं. मधल्या पानावर दोन पात्रं एकमेकांशी बोलताना वेगवेगळी ऐकू आली तर घ्या. दोघंही लेखकासारखीच बोलत असतील तर पुढे तीनशे पानं तेच ऐकायचंय.

किंमत? साडेतीनशे-चारशेला आता अडीचशे पानं मिळतात. महाग वाटतं खरं. प्रकाशनपूर्व सवलतीवर लक्ष ठेवा, नाहीतर प्रश्न १३ आणि १४ बघा.

६. अर्धवट सोडली तर चालतं का?

चालतं. पन्नास पानं द्या आणि सोडा. फक्त बोलीमुळे सोडत असाल तर आधी पुढचं उत्तर वाचा.

७. बोलीतल्या कादंबऱ्या मला कळतच नाहीत. दर ओळीला अडखळते. काय करू?

शब्द शोधत बसू नका. हाच एक उपाय आहे आणि तो लागू पडतो.

मोठ्यानं वाचा. बोली कानाची असते, छापील पानावर ती उगाच अवघड दिसते. ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘कवा’ हे डोळ्यांना खुपतं, जीभ मात्र एका पानात रुळते. कोल्हापूरकडची वाक्यं हेल काढून म्हणून बघा, मालवणी थोडं नाकात. घरचे हसतील, हसू देत. वीस-तीस पानांत लेखकाचे नेहमीचे शब्द कळतात, कारण तेच तेच परत येतात. एखाद्या झाडाचं किंवा अवजाराचं नाव शेवटपर्यंत नाही कळलं तरी काही बिघडत नाही. शहरी कादंबरीतल्या दारूचं नाव तरी कुठे आपल्याला माहीत असतं, आणि तिथे आपण अडत नाही.

ही तक्रार एका दिशेनंच येते, याची मला गंमत वाटते. गडहिंग्लजच्या वाचकानं पुणेरी कादंबरी ‘कळत नाही’ म्हणून ठेवून दिल्याचं कुणी ऐकलंय का? शहराचीही बोली असतेच. भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’त मुंबईच्या नाक्यावरची पोरं बोलतात तशी मराठी छापली, तेव्हा १९६५ साली केवढा गदारोळ झाला होता. आज तेच पुस्तक अभ्यासाला नेमतात.

सुरुवात कुठून करायची असेल तर निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असलेली कादंबरी आधी घ्या. ‘बारोमास’ त्यासाठी चांगली.

८. जाडजूड कादंबरीला हात घालायची भीती वाटते. ‘हिंदू’ तीन वेळा सुरू केली!

तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० ला आली तेव्हा आगाऊ नोंदणी करून घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती संपवली हा न विचारण्याचा प्रश्न आहे. तिच्यात गोष्ट सरळ पुढे जात नाही. खंडेराव आठवत जातो आणि त्याच्या आठवणीत नातेवाईक, गाव, शेती, मोहेंजोदडो सगळं येतं. ‘पुढे काय झालं’ हा प्रश्न मनात ठेवून वाचलीत तर शंभराव्या पानाच्या आत चिडाल. खानदेशातल्या मोठ्या वाड्यात पाहुणे म्हणून गेलोय आणि रोज कुणीतरी वेगळं माणूस गप्पा मारायला बसतंय, अशा हिशेबानं रोज पंधरा पानं वाचा.

‘सातपाटील कुलवृत्तांत’ सातशेहून अधिक पानांची आहे. एका कुळाचा कैक पिढ्यांचा वृत्तांत, पण ती ‘हिंदू’हून सोपी जाते, कारण प्रत्येक पिढीची गोष्ट बऱ्यापैकी स्वतंत्र उभी राहते. एक पिढी वाचावी, मध्ये दुसरं एखादं पुस्तक घ्यावं, परत यावं. मला तिच्यातल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त लक्षात राहिल्या. कुळाचा वृत्तांत पुरुषांच्या नावानं चालतो आणि कूळ तगवतात बायका, हे पठारे यांनी कुठे भाषण न देता दाखवलंय.

सुट्टीत जाड कादंबरी वाचू असं ठरवू नका. सुट्टीत कुणी वाचत नाही.

९. मालिकेतली मधलीच कादंबरी हातात आली. आधीच्या वाचायलाच हव्यात का?

प्रत्येक मालिकेचं वेगळं आहे. नेमाड्यांच्या चांगदेवाच्या चार कादंबऱ्यांचा क्रम ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ असा. चांगदेव गावं आणि नोकऱ्या बदलत जातो, त्यामुळे ‘जरीला’ एकटी वाचली तरी समजते. तरीही ‘बिढार’ आधी वाचलीत तर पुढचा चांगदेव इतका आखडून का वागतो ते कळेल. ‘कोसला’ या चौघींच्या बाहेरची आहे. पांडुरंग सांगवीकर वेगळा, चांगदेव पाटील वेगळा. दोघांची गल्लत करून माझ्याशी भांडलेले लोक आहेत.

१०. ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ ही कादंबरीच ना?

नाही, कथासंग्रह. नावामुळे फसायला होतं. किरण गुरव यांच्या या पुस्तकाला २०२१ चा अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथा एवढ्या ऐसपैस आहेत की कादंबरीच्या वाचकालाही उपाशी वाटणार नाही. लोमटे यांचा ‘आलोक’ही असाच, दीर्घकथांचा. मला कादंबरीच हवी असा हट्ट असेल तर विकत घेण्याआधी अनुक्रमणिका बघा. कथांना स्वतंत्र नावं असतात.

११. ऐतिहासिक कादंबरीतलं किती खरं मानायचं? घरात यावरून वाद होतात.

प्रसंगाची तारीख, लढाई, मृत्यू हे बहुधा कागदात सापडतं. खासगीतले संवाद लेखकाचे. ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई शनिवारवाड्यात काय बोलले ते ऐकायला रणजित देसाई तिथे नव्हते, पण १९६२ पासून आपल्या दोन-तीन पिढ्यांचे माधवराव त्याच संवादांतले आहेत. त्यात वाईट काही नाही. वाद तेव्हा होतो जेव्हा कादंबरीतलं वाक्य पुरावा म्हणून फेकलं जातं.

लेखक स्वतः काय म्हणतो ते बघा. प्रस्तावनेत साधनं सांगितली असतील, कुठे कल्पना वापरली ते कबूल केलं असेल, तर त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवा. मला स्वतःला नंदा खरे यांची युक्ती आवडते. ‘अंताजीची बखर’ आणि ‘बखर अंतकाळाची’ यांत सांगणारा अंताजी हाच काल्पनिक, थोडा लबाड, जीव वाचवून राहणारा. मोठ्या घटना खऱ्या, पण त्या आपल्याला या इरसाल माणसाच्या तोंडून कळतात, त्यामुळे वाचणारा आपोआप सावध राहतो. ‘पानिपत’ वाचून भारावलेल्या कुणालाही मी पुढे अंताजी देते.

१२. अनुवादित कादंबऱ्या वाचाव्यात का? मूळ भाषा येत नसेल तर चांगला अनुवाद ओळखायचा कसा?

वाचाव्यातच. मराठी वाचकाच्या घडणीत कन्नड आणि बंगाली कादंबरीचा वाटा मोठा आहे. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ या कादंबऱ्या कित्येकांना मराठीच वाटतात, आणि त्याचं श्रेय उमा कुलकर्णी यांना. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवायचे आणि त्या मराठीत उतरवायच्या. ऐकून केलेला अनुवाद म्हणूनच की काय, तो वाचताना अडखळायला होत नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे की इंग्रजी-हिंदीमार्गे आलाय? आणि अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे की आतल्या पानात लपवलंय? यातलं दुसरं मी जास्त महत्त्वाचं मानते.

१३. हवी ती कादंबरी कुठेच मिळत नाही. ‘आवृत्ती संपली’ म्हणतात.

मराठीत हे सतत होतं. आवृत्ती लहान, संपली की प्रकाशक पुढच्या मागणीची वाट बघतो आणि वाचक आवृत्तीची. आधी प्रकाशकाला थेट फोन किंवा पत्र. दुकानात संपलेल्या पुस्तकाच्या चार प्रती गोदामात पडलेल्या असणं नवलाचं नाही, आणि किती लोक विचारतात यावर पुनर्मुद्रण ठरतं. मग जुन्या पुस्तकांची दुकानं. तिथेही नाही तर वाचनालय.

मोठ्या शहरातली जुनी वाचनालयं यासाठी खजिना आहेत : ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. आमच्या भागातल्या वाचनालयात मी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी आवर्जून बघते. एका अतिशय चांगल्या कादंबरीच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का करोनाच्या आधीचा होता. अशी पुस्तकं पुढे ‘जीर्ण’ म्हणून बाद होतात. तुम्ही नेलंत की शिक्का पडतो आणि पुस्तक कपाटात टिकतं.

१४. आमच्या तालुक्याला पुस्तकाचं दुकानच नाही. आम्ही काय करायचं? (हाच प्रश्न दुबई आणि न्यू जर्सीहूनही येतो.)

तालुक्याला दुकान नसेल पण वाचनालय असण्याची शक्यता पुष्कळ आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळतं. ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बरेचदा एक खोली, दोन कपाटं आणि संध्याकाळी दोन तास येणारा ग्रंथपाल. तरीही खरेदीची यादी होते तेव्हा सभासदाला पुस्तक सुचवता येतं. लेखी द्या, लेखक आणि प्रकाशकाच्या नावासकट. नुसतं ‘नवीन कादंबऱ्या आणा’ म्हटलं की विक्रेता ठोकमध्ये जे देईल तेच येतं.

घरपोच मागवायची तर बुकगंगासारखी मराठी पुस्तकांची संकेतस्थळं आहेत, अक्षरधारासारखी दुकानं टपालानं पाठवतात. साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन जवळपास भरलं तर भाषणं सोडून तिथेच दिवस घालवा. एरवी न दिसणाऱ्या प्रकाशकांचे गाळे असतात. पाचगणीजवळचं भिलार हे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. तिथे घराघरांत पुस्तकं बसून वाचता येतात, विकत घ्यायला मात्र जाऊ नका.

परदेशातल्यांसाठी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधारानं सुरू झालेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना बघण्यासारखी आहे. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि काही काळानं दुसऱ्या गटाशी बदलली जाते. पेट्या दुबईसारख्या ठिकाणीही पोचल्या आहेत. तुमच्या मंडळात गणपतीचा हिशेब ठेवणारं जे चोख माणूस असेल त्याच्याकडे हे काम द्या.

१५. ई-पुस्तक आणि ऑडिओला तुम्ही ‘वाचन’ मानता का?

मानते. किंडलवर २०१६ पासून मराठी आहे, स्टोरीटेल २०१७ पासून मराठीत ऐकवतंय. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माझ्या मावशीनं गेल्या दोन वर्षांत माझ्याहून जास्त कादंबऱ्या ‘वाचल्यात’. बोलीतली कादंबरी तर चांगल्या वाचकाच्या आवाजात ऐकावीच (प्रश्न ७). ‘हिंदू’सारखी, मागे-पुढे पानं उलटावी लागणारी कादंबरी ऐकू नये, हरवाल. नव्या लेखकांची पुस्तकं ई-स्वरूपात यायला वेळ लागतो, कधी येतही नाहीत.

१६. आत्या, पीडीएफ असेल तर पाठव ना!

भाच्यासकट सर्वांना एकच उत्तर : नाही. नव्या लेखकाच्या पाचशे प्रतींतल्या पन्नास वाचकांनी फुकट पीडीएफ वाचली तर दुसरी आवृत्ती निघत नाही आणि दुसरी कादंबरी कोण छापणार?

कायदेशीर फुकट वाचायचंय तर खूप आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, साने गुरुजी १९५० ला. त्यांचं लेखन मुक्त आहे आणि मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं मिळतात. एक अपवाद लक्षात ठेवा : मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. शेक्सपिअर मुक्त म्हणून त्याचा कालपरवाचा मराठी अनुवाद मुक्त होत नाही.

१७. नववीतल्या मुलीला मराठी कादंबरीची गोडी कशी लावू? ती फक्त इंग्रजी वाचते.

‘संस्कार’ म्हणून देऊ नका, एवढं पथ्य पाळा. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ अजूनही चालते, कारण त्यातला मुलगा तिच्याच वर्गातला आहे. काळ आणीबाणीचा असला तरी मधल्या सुट्टीतलं राजकारण बदललेलं नाही. भुताखेताचं आवडत असेल तर गुप्ते यांची ‘हाकामारी’ देऊन बघा, पण आधी स्वतः वाचा. आणि इंग्रजी वाचते त्याबद्दल टोमणे मारू नका. वाचतेय ना?

१८. ओळखीच्या गृहस्थांनी स्वतःची कादंबरी सही करून भेट दिलीय. रोज अभिप्राय विचारतात. मला अजिबात आवडली नाही. काय सांगू?

हा प्रश्न वेगवेगळ्या गावांहून इतक्यांदा आलाय की भेट मिळणाऱ्या कादंबऱ्या विकत घेतल्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त असाव्यात अशी मला शंका आहे.

‘छान आहे’ म्हणू नका, ते दुसरी आणून देतील. ‘वाचतेय’ हे फार तर महिनाभर चालतं. त्यापेक्षा पुस्तक खरंच चाळा आणि जी एखादी गोष्ट बरी जमलीय ती नेमकी सांगा : बाजाराचं वर्णन, आजीचं पात्र, काहीही. पान क्रमांकासकट सांगितलंत तर त्यांना तुम्ही वाचल्याची खात्री पटते आणि पुढचा प्रश्न येत नाही. ते स्वतःहून ‘काय खटकलं?’ म्हणाले तर एकच मुद्दा सांगा, तोही संवादांबद्दल. संवाद कमकुवत आहेत असं म्हटल्यावर लेखक सहसा पात्रांना दोष देतात, स्वतःला नाही, त्यामुळे ओळख शाबूत राहते. आणि पुस्तक वाचनालयाला देणार असाल तर सहीचं पान आधी नीट बघा. त्यावर तुमचं नाव असतं, आणि ते गृहस्थही बहुधा त्याच वाचनालयाचे सभासद असतात.